आधी कान, मग कर्णा

गेल्या महिन्यात एका गावी ठिबक सिंचनाची बैठक आटोपून ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर आम्ही चहा घेत बसलो होतो. हळदीच्या बेण्याविषयी बोलणे चालले होते. मंडळी एकेक करून उठू लागली, तसे एक वयस्कर शेतकरी घुटमळत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, शेतीचं न्हाय, पर एक इचारू का? पोरगं म्हणतंय घरात होम थेटर बसवू. दुकानदार हप्त्यानं द्यायला तयार हाय. घ्यावं का नगं?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मला मात्र हसू आले नाही. कारण या एका विषयात मी स्वतः पाच-सहा वर्षे शिकलो आहे, आणि चुकलोही आहे. त्यांना तिथे उभ्या उभ्या एवढेच म्हणालो, "घाई करू नका. घरात कोणाला ऐकायला कमी येतं का, ते आधी बघा." ते बुचकळ्यात पडले. मोटारसायकलला किक मारताना मलाही वाटले की हे उत्तर अर्धेच झाले. म्हणून ते आज पुरे लिहितो आहे. त्यांच्यासारखेच आणखी कोणी विचारात असतील, त्यांनाही उपयोगी पडेल.

आमचे घर सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरी चामड्याच्या पिशवीतला एक ट्रान्झिस्टर होता. त्या काळी रेडिओला परवाना लागे, आणि तो पोस्टातून घ्यावा लागे. आमचे वडील, म्हणजे आबा, तो परवाना सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवीत. संध्याकाळी आकाशवाणीवर 'माझं घर माझं शेत' लागले की शेजारपाजारची माणसे ओसरीवर येऊन बसत. ट्रान्झिस्टर खुंटीला टांगलेला. त्याला एकच लहानसा कर्णा. पण वीस माणसांना शब्द न् शब्द ऐकू येई. कोणी मधेच खोकले तरी आबा हाताने गप्प करीत.

जत्रेत तंबूचा सिनेमा येई. तिथेही पडद्यामागे एखादाच भोंगा असे. आबा मला खांद्यावर बसवून नेत, आणि परत येताना सगळी गोष्ट संवादांसकट आईला सांगत. नायक काय म्हणाला, पाटील काय म्हणाला, अगदी त्या त्या आवाजात. आई म्हणे, "मला कशाला न्यायला पायजे तंबूत? तुमीच माजा सिनेमा." आमच्या घरात ऐकण्याची आवड आली ती आबांकडून. हे आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यातच आहे.

मी पुढे कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलो, बी.एस्सी. झालो, कृषी खात्यात लागलो. बदल्यांच्या गावी फिरून शेवटी आपल्याच जिल्ह्यात आलो. २०१४ साली आई गेली. आबा एकटे पडले, म्हणून आम्ही सगळे गावच्या घरी राहायला आलो. संध्याकाळी टीव्हीसमोर सर्वांनी मिळून बसायचे, हा त्यातल्या त्यात आबांचा विरंगुळा. जुना टीव्ही पेटीसारखा होता. त्याचे कर्णे समोरच्या बाजूला होते आणि आवाज सरळ माणसाकडे येई.

२०१६ च्या दिवाळीत आम्ही नवा पातळ टीव्ही घेतला. चित्र काय सुंदर! पण आवाज कुठेतरी मागे जाऊन भिंतीशी बोलतोय असे वाटे. कारण साधे आहे. इतक्या पातळ टीव्हीत मोठा कर्णा बसवायला जागाच नसते. लहान कर्णे बसवतात, आणि तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड करून. आबा म्हणू लागले, "आवाज वाढीव." आम्ही वाढवायचो. मुले कानावर हात ठेवायची. सौ. स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कमी करा जरा, फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही." आवाज कमी झाला की आबा उठून ओसरीवर जाऊन बसत. काही बोलत नसत. हळूहळू त्यांनी आत येणेच सोडले. जेवण झाले की ओसरी, अंधार आणि ते एकटे. मला ते बघवत नव्हते.

मग मी ठरवले की घरातल्या आवाजाची व्यवस्था सुधारायची. एकदम मोठा खर्च करायचा नाही, ऐपतीप्रमाणे एकेक पायरी चढायची. शेतकऱ्याला मी हेच सांगत आलो होतो. आधी विहिरीचे पाणी बघा, मग पाइपलाइन, मग ठिबक. सगळे एका हंगामात करू नका.

पहिली पायरी म्हणजे दोन स्पीकर आणि एक साधा ॲम्प्लिफायर. तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे जुने दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींकडून वापरलेला ॲम्प्लिफायर १,८०० रुपयांना आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर २,५०० रुपयांना घेतले. ४०० रुपयांची वायर. घरी येऊन जोडले, तर आवाज मोठा होता पण पोकळ. गाणाऱ्याचा आवाज जणू घागरीतून येत होता. दोन दिवस डोके खाजवले. शेवटी मिस्त्री आले आणि बघताक्षणी हसले. एका स्पीकरची लाल वायर काळ्या ठिकाणी लागली होती.

आपल्याला यातले मर्म कळायला वेळ लागणार नाही. थ्री-फेज मोटारीच्या दोन वायरी उलटल्या की मोटार उलटी फिरते, आवाज करते, पण पाणी नीट चढत नाही. तसेच इथे. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि दोघे मिळून एकमेकांचे काम बुडवतात. लाल ते लाल, काळे ते काळे, एवढे पाळले की झाले.

मिस्त्रींनी आणखी दोन गोष्टी शिकवल्या. वायर लांब न्यायची तर ती जाड घ्यावी. बारीक नळीतून लांबवर पाणी नेले की दाब मरतो, तसा बारीक वायरीत जोर मरतो. आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवर जितके ओहम लिहिले असतील त्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडू नये. ८ लिहिले असेल तिथे ४ चा लावला तर यंत्र तापते, कधी जळतेही. स्पीकर ठेवण्याचीही रीत आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा माणूस यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा, आणि स्पीकरमधला लहान कर्णा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. आम्ही ते कपाटावर ठेवले होते. आमचे आबा बसायचे खाली घोंगडीवर. म्हणजे आवाज त्यांच्या डोक्यावरून जात होता!

स्पीकर खाली आणले, त्रिकोण जमवला. आबांना हाताला धरून आत आणले. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "आवाज ब्येस आलाय बाळ. पर बोलनं काय उमगत न्हाय."

हे वाक्य मी नीट ऐकले असते तर पुढची पाच वर्षे वाचली असती. पण मी त्याचा अर्थ घेतला तो एवढाच, की अजून चांगले यंत्र पाहिजे.

२०१८ साली सोयाबीन चांगले झाले होते, हातात थोडा पैसा होता. शहरातल्या एका दुकानात गेलो. तिथे एक चकचकीत संच मांडून ठेवलेला, त्यावर हजारो वॉटचा आकडा. किंमत ३२ हजार, हप्त्याची सोय. दुकानदाराने धडाधड आवाज वाजवून दाखवला, काचा हादरल्या. मी सही करायच्या बेतात होतो. सौ. बरोबर होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, त्या पाण्याच्या मोटारीच्या वेळी तुम्हीच सांगत होतात ना, पाटीवरच्या आकड्याला भुलू नका, बादली लावून पाणी मोजा?"

मी पेन खिशात ठेवले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की मोठमोठे वॉटचे आकडे बहुधा पीएमपीओ या हिशोबाचे असतात. क्षणभर जेमतेम जे काही निघेल ते सगळे मिळवून सांगितलेला तो आकडा, आणि त्याला ठरलेले मोजमापच नाही. सतत निघणारी खरी शक्ती आरएमएस या नावाने लिहितात. विचारायचे ते हेच. शिवाय ५० वॉटचे १०० केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. कानाला फरक थोडासाच जाणवतो. दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. त्यापेक्षा बसायची जागा स्पीकरच्या जवळ आणली तर फुकटात फायदा होतो.

मग ५.१ म्हणजे काय तेही शिकलो. समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन, मागे दोन, हे झाले पाच. आणि ते .१ म्हणजे फक्त जाड, घुमणारा आवाज काढणारी पेटी, तिला सबवूफर म्हणतात. तिच्या वाट्याला आवाजाचा थोडाच भाग येतो म्हणून तिला पुरता एक धरत नाहीत. यात खरा कर्ता पुरुष म्हणजे मधला स्पीकर. सिनेमातले बहुतेक बोलणे त्याच्यातून येते. गाणे, वारा, गाड्या, मारामारी बाकीच्यांतून. मला वाटले, सापडले! आबांना बोलणे उमगत नाही ना? मग मधला स्पीकरच पाहिजे.

पुण्यात ओळखीच्या एका गृहस्थांनी पाच स्पीकर चालवणारा जुना रिसीव्हर विकायला काढला होता. तो ८,५०० ला घेतला. मधला स्पीकर ३,००० चा. आमच्याकडे विजेचा दाब कधी वर कधी खाली, म्हणून १,८०० चा स्टॅबिलायझर. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवला आणि पुढून लाकडाची चीप लावून त्याचे तोंड बसणाऱ्याकडे वळवले. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. मधला थोडा वाढवून ठेवला. आम्हा सगळ्यांना फरक लगेच कळला. बातम्या देणाऱ्याचा शब्द सुटा सुटा ऐकू येऊ लागला, आणि एकूण आवाज कमी ठेवूनही भागू लागले. सौ. खूष झाली.

पण खोलीत आवाज घुमत होता. वर स्लॅब, खाली फरशी, भिंती उघड्या. आवाज एकदा निघाला की चार भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा कानात येतो आणि शब्द शब्दात मिसळतो. रिकाम्या कणगीत तोंड घालून बोलावे तसे. मिस्त्री म्हणाले, मऊ जाड कापड लावा. मी माळ्यावरून आईने शिवलेल्या वाकळा काढल्या. तिच्या जुन्या लुगड्यांच्या, आबांच्या धोतरांच्या, माझ्या शाळेच्या सदऱ्याच्या. दोन वाकळा मागच्या भिंतीवर टांगल्या, एक खाली अंथरली. घुमणे एकदम कमी झाले. आबा आत आले, भिंतीकडे बघत राहिले. एका वाकळेचा कोपरा त्यांनी हातात धरला. "तुज्या आईचा टाका," एवढेच म्हणाले. त्या दिवशी ते पुष्कळ वेळ आत बसले. मला वाटले, आपले काम झाले. आता कळते की ते टीव्ही ऐकायला नव्हे, वाकळांपाशी बसले होते.

२०२० साली टाळेबंदी लागली. सगळे घरात. थोरला पुण्याहून आलेला, त्यालाही या कामात रस. आम्ही दोघांनी ४,५०० चा सबवूफर आणला. तो कुठे ठेवायचा याची एक गंमतीची रीत आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणे लावायचे, आणि आपण गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरायचे. जिथे जाड आवाज सारखा आणि स्वच्छ लागतो, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात ठेवला तर घों घों करतो. मी असा रांगत असताना दारात शेजारची काकू उभी राहिली. तिने सौ.ला विचारले, "भाऊजींचं काय हरवलं गं?" सौ. म्हणाली, "डोकं." पुढे पंधरा दिवस गावात हा विनोद पुरला.

२०२१ मध्ये मागचे दोन लहान स्पीकर २,२०० ला घेतले. उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून ठिबकची टाकाऊ १६ मिलिमीटरची नळी उभी चिरून त्यात वायर घातली आणि भिंतीच्या कडेने नेली. अशी पाच वर्षांत, एकही हप्ता न घेता, २४,७०० रुपयांत संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. मला तिचा अभिमान होता, तो लपवत नाही.

त्या रविवारी सगळे जमलो. मुद्दाम आबांच्या आवडीचा 'पिंजरा' लावला. हा १९७२ चा सिनेमा त्यांनी तंबूत तीनदा बघितलेला. मूळचा आवाज जुना, पण मधल्या स्पीकरमुळे शब्द स्वच्छ येत होते. लावणीला ढोलकीची थाप सबवूफरमधून छातीवर येत होती. पोरे डोलत होती. आबा दहा मिनिटे बसले. मग हळूच उठले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि बाहेर गेले.

मी थोड्या वेळाने मागे गेलो. ओसरीवर ते भिंतीला टेकून बसले होते. मी विचारले, "आबा, आवडला नाही का?" ते म्हणाले, "आवाज लई मोठा केलास रं बाळ. पर त्यातली मान्सं बोलतच न्हाईत."

मी तसाच उभा राहिलो. मागे धाकटी मुलगी येऊन उभी होती. ती तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता ना, आधी माती तपासा, मग खत घाला? आबांचे कान कधी तपासलेत?"

वाचकहो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. तीस वर्षे मी गावोगाव माती परीक्षणाचे नमुने काढायला शिकवतो. न तपासता खताची पोती ओतणाऱ्या शेतकऱ्याला प्रेमाने रागावतो. आणि माझ्या घरात मी तेच केले होते. कमतरता कशाची आहे ते न बघता वर्षामागून वर्ष आवाज ओतत राहिलो होतो.

त्याच आठवड्यात आबांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी कानातला घट्ट झालेला मळ काढला. आबा वर्षानुवर्षे कानात कोमट तेल घालीत. डॉक्टरांनी तेल आणि काडी दोन्ही बंद करायला सांगितले. मग बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र लावून, बारीक-जाड आवाज ऐकवून तपासणी केली. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. ६०० रुपये लागले. कागदावर आलेख निघाला. जाड आवाजाच्या बाजूला रेघ बरी होती आणि बारीक आवाजाकडे जाताना कड्यावरून उतरावे तशी खाली गेली होती.

डॉक्टरांनी समजावले ते आम्हाला फार उपयोगी पडले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो. त्यात केसांसारख्या बारीक पेशी असतात. वयाने आणि मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि पिकासारख्या पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक आवाज टिपणाऱ्या. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे जाड आवाज, ते ऐकू येत राहतात. पण स, श, त, थ, क, फ हे बारीक, ते हरवतात. मग साप, ताप, काप, थाप हे सगळे शब्द त्या माणसाला 'आप' असेच ऐकू येतात. बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते कळत नाही. अशा माणसापुढे नुसता आवाज वाढवला तर 'आप' तेवढा मोठा होतो. 'स' परत येत नाही. आणि आमच्या सबवूफरची घोंघों तर उरलेले शब्दही झाकून टाकत होती.

"कामधंदा काय होता?" डॉक्टरांनी विचारले. आबांच्या वतीने मीच सांगू लागलो, आणि सांगता सांगता मलाच उलगडत गेले. १९६८ पासून पंधरा वर्षे विहिरीवर डिझेल इंजिन. ते रात्र रात्र इंजिनाशेजारी बसून पाणी पाजीत. पुढे मळणी यंत्र घेतले, वीस हंगाम गावाची मळणी केली. कानाला कधी काही बांधले नाही. म्हणजे ज्या यंत्रांच्या कमाईवर मी कोल्हापूरला शिकलो, त्याच यंत्रांनी आबांचे कान खाल्ले होते. मी डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत राहिलो.

दोन्ही कानांची श्रवणयंत्रे मिळून २६ हजार रुपये लागले. ती लावली म्हणजे लगेच तरुण कान मिळतात असे नाही. पहिले आठ-दहा दिवस आबा वैतागले. भांडे पडले तरी दचकत, कागदाची सळसळ त्यांना त्रास देई. "काढून टाक ही बला," म्हणायचे. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला रोज थोडा थोडा वेळ लावा, दोनदा येऊन यंत्र जुळवून घ्या. सौ.ने हे काम चिकाटीने केले. दीड महिन्याने एका सकाळी आबा म्हणाले, "चिमण्या हैत व्हय अजून? मला वाटलं गेल्या समद्या."

आणि मग एके संध्याकाळी आम्ही बातम्या लावून बसलो असताना आबा काठी टेकत आत आले, आपल्या जागी बसले आणि थोड्या वेळाने माझ्यावर डाफरले, "कमी कर की तो आवाज! काय भैरा हाय का मी?"

घरात असे हसू पुष्कळ दिवसांनी झाले. सौ.ने डोळ्यांना पदर लावला.

आता हिशोब मांडतो. माझी व्यवस्था वाया गेली असे मी म्हणणार नाही. श्रवणयंत्र लावल्यावरही घुमणाऱ्या खोलीत बोलणे समजायला कठीण जाते. मधला स्पीकर आणि आईच्या वाकळा आजही आबांना रोज उपयोगी पडतात. सबवूफर मात्र आम्ही अगदी कमी ठेवतो, आणि बातम्यांच्या वेळी बंदच. मागच्या स्पीकरांपैकी एकाची वायर गेल्या पावसाळ्यात उंदराने, नळीतूनही, तोडली. ती तुटली आहे हे आमच्या लक्षात महिन्याने आले! म्हणजे त्या पायरीची गरज किती होती ते समजा. चूक वस्तूंची नव्हती, क्रमाची होती. ६०० रुपयांची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी होती, ती मी पाच वर्षांनी केली. ती पाच वर्षे आबा अंधारात ओसरीवर बसले. ती मला भरून देता येणार नाहीत.

म्हणून त्या कट्ट्यावरच्या पाहुण्यांना माझे उत्तर असे. घरात कोणी वारंवार "काय?" विचारत असेल, टीव्ही मोठा लावत असेल, चारचौघांतून उठून जात असेल, तर आधी कान तपासून घ्या. पैशाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश आहे, त्याची माहिती समाजकल्याण कार्यालयात विचारा. मग खोलीत वाकळ, गोधडी, सतरंजी टाकून घुमणे कमी करा, त्याला पैसा लागत नाही. मग दोन चांगले स्पीकर. मग जमले तर मधला. एकेक पायरीनंतर एक हंगाम थांबा. पुढची पायरी खरोखर लागते का ते तेव्हा आपोआप कळते. पोराला हौस आहे तर ती मारू नका, पण हप्त्यावर नको. आणि पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की सगळ्या पिना काढून ठेवा.

आणखी एक, आणि हे माझ्या खात्याचे कर्तव्य म्हणून सांगतो. मळणी यंत्र, ट्रॅक्टर, डिझेल इंजिन, कडबाकुट्टी यांच्याजवळ हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कान खातो असे समजा. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा धरतात, आणि आवाज तीनच डेसिबलने वाढला तरी ती वेळ निम्म्यावर येते. कापसाचे बोळे पुरत नाहीत. स्पंजाच्या गोळ्या मिळतात, कारखान्यातले कामगार लावतात तसली कानावरची झाकणे काही शे रुपयांत मिळतात. फवारणीला तोंडाला फडके बांधा म्हणून आम्ही सांगत आलो, कानाचे सांगायचे मात्र राहून गेले. आता मी प्रत्येक बैठकीत शेवटची पाच मिनिटे त्यासाठी ठेवतो.

आबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. काल संध्याकाळी नातीला ते तंबूतल्या सिनेमाची गोष्ट सांगत होते, पाटलाचा आवाज वेगळा, नायिकेचा वेगळा. टीव्ही बंद होता. आम्ही सगळे भिंतीवरच्या वाकळेला टेकून ऐकत बसलो होतो.